रंगराव येतोय

२२ ऑक्टोबर २००४, शुक्रवार. दसरा.

सकाळी बाईसाहेबांना भिंतीवरून उतरवलं. लोक दसऱ्याला स्कूटर धुतात, मोटार धुतात. मी माझी विलायती रेसर धुतो. खडकीचा एक अँग्लो-इंडियन फोरमन १९६६ साली ऑस्ट्रेलियाला निघाला, त्याच्याकडून घेतलेली. पाच गिअर, चामडी सीट, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल. त्या हँडलावर झेंडूचा हार टिकत नाही. दर वर्षी घसरतो, दर वर्षी सौ. ललिता म्हणते की देवालाच मान्य नाही.

पूजा आटोपून सायकल परत टांगायची, तर नम्रता रिकाम्या भिंतीला टेप लावून उभी. सूनबाई हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. म्हणाली, बाबा, टेलिफोनचा सॉकेट नेमका सायकलच्या मागे आहे. इथे कॉम्प्युटरचं टेबल बसलं आणि इंटरनेट आलं, तर कंपनी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू देईल. विश्रांतवाडी ते हिंजवडी, जाऊन-येऊन रोज चार तास बसमध्ये जातात.

मीही एके काळी रोज चार तास सायकल मारली आहे. तक्रार केली नाही.

ललिता मध्ये पडली. तिचा प्रश्न सरळ: सायकल चालते का? चालत असेल तर वाहन, नसेल तर भंगार. भंगार बैठकीत नको.

मला राग आला. रागात मी बोललो ते असं: हिच्यावर मी १९६९ साली स्वारगेट ते सातारा आणि परत, दोनशेवीस किलोमीटर, अकरा तास वीस मिनिटांत केले. पस्तीस वर्षं तो विक्रम कुणी मोडलेला नाही. (कुणी प्रयत्न केला नाही, हा माझा दोष नव्हे.) आता चौसष्टाव्या वर्षी मीच तो मोडून दाखवतो.

ललिता म्हणाली, मोडू नका, नुसते जाऊन या. संक्रांतीच्या आत, एका दिवसात, स्वतःच्या पायांनी. आलात तर सायकल भिंतीवर राहील. नाही आलात तर भिंत नम्रताची.

चारचौघांत शब्द दिला. चारचौघे म्हणजे ललिता, चिरंजीव साईनाथ, नम्रता आणि कपडे द्यायला आलेला इस्त्रीवाला.

२३ ऑक्टोबर.

संकल्प. पहाटे साडेचारला उठणे. भिजवलेले हरभरे. चहा बंद. साखर बंद. रोज वीस किलोमीटर, पुढल्या आठवड्यापासून चाळीस, दिवाळीनंतर ऐंशी. कागदावर मांडून पाहिलं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मी सातारा ओलांडून कराडला पोचतो.

उद्यापासून सुरू.

२४ ऑक्टोबर.

उठलो ७.१०. गजर झाला नाही. झाला असं ललिता म्हणते. तीच म्हणते की मीच तो बंद करून तिला गुड नाइट म्हणालो. मी कधीही गुड नाइट म्हणत नाही.

२६ ऑक्टोबर.

माळ्यावरून मंडळाची नियमवही काढली. ‘विश्रांतवाडी सायकल मंडळ, स्थापना १९६८’. अध्यक्ष मी. नियमही मीच केले. शिक्षण सातवीपर्यंत, पण विलायती सायकलचे कॅटलॉग वाचून वाचून इंग्रजी शिकलो, त्यांतले नियम समजतील तसे मराठीत आणले. एकूण बारा. सातवा मला अजून तोंडपाठ आहे: ‘विक्रमवीराबरोबर एक साक्षीदार असावा. साक्षीदाराने प्रत्येक ठाण्यावर विक्रमवीराच्या आधी पोचून त्याची वेळ वहीत लिहावी. साक्षीदाराची सायकल साधी असावी.’

साक्षीदार होता गेनबा. धानोरीचा, माझ्याच वयाचा. तेव्हा तो दुधाच्या रतिबाला जायचा. सायकल काळी, बावीस इंची, मागे लोखंडी कॅरियर, तिला तो म्हसोबा म्हणायचा.

नम्रतानं वही कौतुकानं वाचली. वाचून विचारलं, बाबा, म्हणजे गेनबाकाका प्रत्येक ठिकाणी तुमच्या आधी पोचले?

म्हटलं, अर्थात. नियमच आहे.

म्हणाली, साताऱ्यालाही? परत स्वारगेटलाही?

म्हटलं, तिथे पोचला नसता तर माझी वेळ लिहिली कुणी असती?

मग म्हणाली, मग त्यांची वेळ किती?

अप्रस्तुत प्रश्न. वरातीपुढे बँडवाला चालतो, म्हणून लग्न त्याचं होत नाही. तसं सांगितलं. ती हो म्हणाली, पण चेहरा हो म्हणत नव्हता. तिची नोकरी टेस्टरची आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या. कंपनी त्याचा पगार देते. ललिता हेच काम पस्तीस वर्षं फुकट करते आहे.

२९ ऑक्टोबर.

टायरसाठी सदाशिव पेठेत गेलो, रिक्षानं. सायकलचं जुनं दुकान. दारावर पाटी: ‘येथे सायकल दुरुस्त होते. आठवणी घरी सांगाव्यात.’

बाईसाहेबांचे टायर साधे नव्हेत. ट्यूब टायरच्या पोटात शिवलेली असते, आणि आख्खा टायर रिमवर चिकटवायचा असतो. दुकानदारानं नमुना हातात घेतला. त्याचा तुकडा त्याच्या हातात राहिला. म्हणाला, आपण हा काढून कुठे ठेवला होता? म्हटलं, काढलेला नाही, अडतीस वर्षं सायकलवरच होता. म्हणाला, मग तो टायर नव्हे काका, तो सालपट आहे. नवा कुठे मिळेल विचारलं, तर म्हणाला, विलायतेत विचारा, आपली ओळख दिसतेय तिथे.

पुण्यात माणुसकी उरली नाही. सायकलींचं शहर म्हणे!

२ नोव्हेंबर.

गेनबाकडे गेलो. धानोरीतलं त्याचं वावर गेलं, तिथे आता अकरा मजली इमारती. पोरांकडे दोन मोटारी. बंगल्याच्या मागे त्यानं दोन म्हशी मात्र ठेवल्यात, आणि जुन्या गिऱ्हाइकांची बारा घरं. रोज पहाटे पाचला त्याच म्हसोबावरून दूध घालतो. आमच्याकडेही तोच घालतो. पोरांना लाज वाटते, तो म्हणतो डोळे झाका.

साक्षीदार म्हणून ये म्हटलं. म्हणाला, आरं रंगा, आता काय आपलं वय हाय व्हय रं? मी म्हटलं, वय शरीराला असतं, विक्रमाला नसतं. त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, येतो. त्या टायमाला आलतो, आत्ता बी येतो. पर सातारला कंदी पेढं घेऊ दे. मागच्या बारीला तू घेऊ दिलं न्हाईस.

घेऊ दिले नव्हते, कारण मी घाईत होतो.

९ नोव्हेंबर.

टायर आले. नम्रताच्या ऑफिसातला कुणी अमेरिकेत ऑनसाइट होता, त्याला ईमेल करून तिनं मागवले. जोडी. वासच वेगळा. शत्रूनंच दारूगोळा पुरवला.

तिला म्हटलं, मी जिंकलो तर तुझं टेबल जाईल, कळतंय ना. म्हणाली, बाबा, टेबल जाईल, पण तुम्ही रिमवर पडू नका.

पोर चांगली आहे. प्रश्न जरा कमी विचारावेत.

१० नोव्हेंबर.

टायर चिकटवण्याचा खास गोंद असतो, तो इथे मिळत नाही. आमच्या चौकातल्या चांभाराकडून सोल चिकटवायचं सोल्युशन आणलं. चप्पल चालते तर टायर का नाही? चांभारानं विचारलं, चपला कुणाच्या आहेत. म्हटलं, सातारला जायच्या आहेत.

१२ नोव्हेंबर. दिवाळी.

दिवाळीत व्यायाम करू नये असं आयुर्वेदात असावं. चकल्या अकरा. अनारसे मोजले नाहीत.

१८ नोव्हेंबर.

पहिला सराव! आळंदी. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर. गेनबा बरोबर होता. तो दूध घालून आला होता, त्यामुळे त्याचे पाय आधीच गरम. हा फरक हिशेबात धरला पाहिजे.

विश्रांतवाडीच्या सिग्नलला पडलो. रेसरच्या पेडलला पाय अडकवायच्या क्लिपा असतात, त्यांत पाय राहिला आणि मी उभ्याचा आडवा झालो. वेग शून्य होता, म्हणून हा अपघात म्हणता येत नाही. शेजारी हिंजवडीची कंपनीची बस उभी. आतली सगळी पोरं-पोरी खिडकीतून बघत होती. एकानं थम्स-अप केलं. नम्रता त्याच बसमध्ये होती असं संध्याकाळी कळलं. तिनं ओळख दाखवली नाही म्हणून मी तिचे आभार मानले, तर म्हणाली, बाबा, मी उतरत होते, सिग्नल सुटला.

आळंदीला गेनबा आधी पोचला. नियमच आहे.

२१ नोव्हेंबर.

गुडघा. उजवा. विश्रांती हाही सरावाचाच भाग, असं कुठल्याशा कॅटलॉगमध्ये वाचलं होतं.

२८ नोव्हेंबर.

कात्रज घाटाचा सराव. रिक्षाटेम्पोतून सायकल कात्रजपर्यंत नेली, कारण शहरातला धूर माझ्या छातीला चालत नाही. गेनबा सायकलवरच आला.

घाट चढलो. अर्धा बसून, अर्धा चालून. जुनी चेन आहे, घाटात हातात धरून नेणं हे तिच्या हिताचं. गेनबा बोगद्यापाशी कठड्यावर बसून बीडी ओढत होता. म्हणाला, तुझी सायकल झ्याक हाय रं, वारा कसा कापती. म्हटलं, अंगचा गुण. म्हणाला, व्हय, पर वर चढंना. हा शास्त्रीय विषय आहे, त्याला समजावला नाही.

येताना उताराला मी त्याला मागे टाकलं. वेग किमान पन्नास असावा. ब्रेक लागत नव्हते हे नंतर कळलं.

७ डिसेंबर.

साईनाथनं जेवताना विषय काढला की बाबांनी हे थांबवावं. बँकेत त्याचा साहेब म्हणे चाळीसाव्या वर्षी ट्रेडमिलवर गेला, म्हणजे कायमचा गेला. ललिता म्हणाली, जाऊ दे त्यांना, सातारला नाही पोचले तरी निदान घराबाहेर पडतात.

हा पाठिंबा मानावा की कसं, कळलं नाही.

१५ डिसेंबर.

गॅलरीत सायकल स्टुलावर चढवून मागचं चाक हवेत ठेवलं आणि दीड तास पेडल मारलं. मनातल्या मनात शिरवळपर्यंत पोचलो. खालच्या मजल्यावरून निरोप आला की छतातून गिरणीचा आवाज येतोय, पीठ मिळेल का.

१९ डिसेंबर.

वजन ७८. सुरुवातीला ७५ होतं. स्नायू जड असतात.

२३ डिसेंबर.

वृत्तपत्राला पत्र पाठवलं होतं, ते वाचकांच्या सदरात आलं! ‘पस्तीस वर्षांचा विक्रम पुन्हा धोक्यात’ असं मी शीर्षक दिलं होतं. त्यांनी ते ‘सायकल ट्रॅक हवेत’ असं केलं आणि विक्रमाचा मजकूर कापला. पण नाव आहे. पाच प्रती घेतल्या.

पाचांतली एक गेनबाला दिली. त्यानं उलट-सुलट करून पाहिली, विचारलं, ह्यात सातारा कुठं हाय? म्हटलं, ओळींच्या मध्ये.

१ जानेवारी २००५, शनिवार.

नवे वर्ष, नवा संकल्प. रविवार, ९ जानेवारी. मुहूर्त पक्का. साडेचारला उठण्याचा सराव उद्यापासून.

२ जानेवारी.

७.१०.

हा आकडा माझ्या मागे का लागला आहे कळत नाही.

८ जानेवारी.

तयारी. टायर पुन्हा चिकटवले. चेन रॉकेलनं धुतली. ललितानं शेंगदाण्याचे लाडू, गुळाच्या पोळ्या, लिंबाचं सरबत दिलं. वरून म्हणाली, मागच्या खेपेला तुम्ही निघालात तेव्हा आपल्या लग्नाला दोन महिने झाले होते. मी दिवसभर दारात बसले होते. तुम्ही आलात, आणि मला न विचारता सायकलच आधी पुसलीत.

मला हे आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही, ही तिची मोठी अडचण आहे.

गेनबाची बायको सरुबाई येऊन गेली. ललिताला म्हणाली, आमच्या ह्यांच्याकडं लक्ष द्या म्हणावं. ह्यांना थांब म्हणल्याबिगर थांबायचं कळत न्हाई.

मी म्हटलं, वहिनी, काळजी नको. मी बरोबर आहे ना.

९ जानेवारी, रविवार. (खिशातल्या चिटोऱ्यावरून उतरवलेलं)

पहाटे ४.५५. स्वारगेट. थंडी मरणाची. गेनबा घोंगडी गुंडाळून हजर. आज दूध पोरगा मोटारीतून घालणार म्हणे, जन्मात पहिल्यांदा. (पोरगा दोन घरं विसरला, हे नंतर कळलं.)

५.०२. निघालो! वही गेनबाच्या खिशात.

६.४०. कात्रजचा बोगदा. चाललो, पण लांब टांगा टाकून. गेनबानं वेळ लिहिली.

७.३०. खेड शिवापूर. उतारावर उत्तम गती. मागचं चाक जरा डुलतंय. लयीत डुलतंय, त्यामुळे चिंता नाही.

८.४५. शिरवळच्या अलीकडे मागचा टायर रिमवरून निसटून चेनमध्ये गुरफटला. पडलो नाही. उतरलो, जरा वेगानं. चांभाराच्या सोल्युशनमध्ये काही दम नाही.

९.१०. शिरवळ. हॉटेल. गेनबा वाट पाहत उभा. म्हणाला, थांबू का रं? चिकटस्तोवर थांबतो. म्हटलं, अजिबात नाही. नियम सातवा. तू हो पुढे. खंबाटकीला माझी वेळ कोण लिहील? म्हणाला, येशील ना? म्हटलं, येतोच.

गेला.

९.४०. सोल्युशन वाळायला अर्धा तास. मिसळ.

१०.१५. वाळलं नाही. दुसरी मिसळ. बसून राहिल्यामुळे गुडघे धरले. उठायला टेबलाचा आधार लागला, टेबल हललं, सरबत सांडलं. हे शकुन मी मानत नाही.

१०.५०. पुण्याला मार्केट यार्डात कोबी घेऊन निघालेला टेम्पो. ड्रायव्हर म्हणाला, काका, टाका वर. मी नाही म्हणणार होतो.

दुपारी २.१५. घरी. तांत्रिक कारणामुळे मोहीम तूर्त स्थगित. संक्रांतीला अजून पाच दिवस आहेत.

ललितानं सायकलकडे पाहिलं नाही. तिनं एकच विचारलं: आणि गेनबा भावजी?

म्हटलं, तो पुढे होता. आता मागून येत असेल.

तिनं विचारलं, त्यांना माहीत आहे का, तुम्ही परत आलात ते?

हा प्रश्न मला शिरवळला सुचायला हवा होता.

५.००. सरुबाईचा फोन. ललितानं घेतला. गेनबाचा मोबाइल घरीच, गव्हाणीत ठेवलेला.

६.३०. अंधार. सरुबाईचा पुन्हा फोन. थोरला पोरगा मोटार काढून कात्रजकडे गेला. मी पाय गरम पाण्यात घालून बसलो होतो. काढले.

७.४५. नम्रता दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन येते. काही बोलत नाही. बोलली असती तर बरं होतं.

८.५०. खाली सायकलची घंटा. ती घंटा मी रोज सकाळी झोपेत ऐकतो.

जिन्यानं वर आला. चेहरा धुळीनं पांढरा, ओठ फुटलेले. दारात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला, कितीतरी वेळ. मग म्हणाला, हाईस व्हय. बरं झालं.

मला वाटलं शिवी देईल. द्यायला हवी होती. म्हणाला, येताना सगळ्या वळणांवर उतरून खाली बघत आलो. खंबाटकीत दोनदा हाका मारल्या. एका जागी काय तरी चमकलं, वाटलं तुझी सायकल. पत्रा हुता.

ललितानं त्याच्या हातात पाणी दिलं. त्यानं खिशातून वही काढून मला दिली, आणि पेढ्यांचा पुडा तिला. वहिनीला द्या म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, वहिनी तीच.

सरुबाईला फोन नम्रतानं केला. मला जमला नसता.

१० जानेवारी.

सगळं अंग दुखतंय. पन्नास किलोमीटरचं. दोनशेवीसचं किती दुखत असेल?

सकाळी दूध आलं. वेळेवर. गेनबानंच घातलं.

वही उघडली. त्याचं अक्षर बाळबोध, चौथीतलं. प्रत्येक ठाण्यावर दोन रकाने, नियमाप्रमाणे.

शिरवळ. साक्षीदार ८.३५. रंगराव ९.१०.

खंबाटकी माथा. साक्षीदार १०.४०. रंगराव येतोय.

सातारा, पोवई नाका. साक्षीदार १२.४५. रंगराव येतोय.

त्याखाली: एक तास थांबलो. रंगराव येतोय.

परत खंबाटकी ४.२५. रंगराव दिसला न्हाई.

शिरवळ ५.१०. हॉटेलवाला म्हणतो गेला. कुठं ते त्याला म्हाईत न्हाई.

स्वारगेट ८.१०. आणि रंगरावच्या रकान्यात काहीच नाही. पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक ठिपका आहे.

ठिपक्याकडे बराच वेळ बघत बसलो. चहा गार झाला. (चहा बंद केलेला नाही, हे एकदा लिहून टाकतो.)

११ जानेवारी.

माळ्यावरून १९६९ ची वही काढली. पस्तीस वर्षांत मी फक्त माझाच रकाना वाचला होता.

सातारा: साक्षीदार १०.०५. रंगराव १०.३१.

स्वारगेट: साक्षीदार दुपारी ३.५२. रंगराव ४.२०.

दोघंही पाचला निघालो होतो. म्हणजे माझे अकरा तास वीस मिनिटं. त्याचे दहा तास बावन्न. काळ्या सायकलवर. कॅरियरसकट.

नम्रता संध्याकाळी आली तेव्हा वही तिच्यापुढे ठेवली. तिनं वाचली. हे तिला ऑक्टोबरपासून माहीत होतं. मी म्हटलं, बोललीस का नाहीस? म्हणाली, बोलले होते बाबा. तुम्ही बँडवाला म्हणालात.

१२ जानेवारी.

गेनबाला विचारलं, तुला तेव्हा कळलं नव्हतं का? म्हणाला, काय? म्हटलं, की विक्रम तुझा झाला. म्हणाला, मला लिवायचं काम हुतं. लवकर गेल्याबिगर लिवणार कसं? आन् सांजच्या धारंला घरला पोचायचं हुतं, म्हशी वराडत्यात.

म्हणजे तो पळत होता तो म्हशींसाठी. ह्याला मी पस्तीस वर्षं साधा साक्षीदार म्हणत होतो.

१३ जानेवारी. भोगी.

सायकलखालचं प्रमाणपत्र फ्रेममधून काढलं. ते मीच १९६९ साली बोरूनं लिहिलं होतं. विक्रमवीर म्हणून माझं नाव, साक्षीदार म्हणून त्याची अंगठ्याएवढ्या मोठ्या अक्षरांतली सही, ‘गेनबा’. दुसरा कागद घेतला. विक्रमवीर: गेनबा, धानोरी. दहा तास बावन्न मिनिटे. खाली, चौसष्टाव्या वर्षी पुन्हा पूर्ण, पंधरा तास आठ मिनिटे, पैकी एक तास मित्राची वाट पाहण्यात.

साक्षीदार ह्या शब्दापुढे सही करायची होती. तीनदा गिरवून पाहिली. सवय नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.

सायकल उतरवली. मुदत संपली. साईनाथनं एक बाजू धरली, नम्रतानं दुसरी. भिंतीवर सायकलच्या आकाराचा पांढरा डाग राहिला, बाकी भिंत पिवळी. नम्रता म्हणाली, रंग नको द्यायला, टेबलावर बसून मी तो बघेन.

ललितानं तिळगूळ दिला. म्हणाली, गोड बोला. म्हटलं, बोलतो. म्हणाली, आजच्यापुरतं नव्हे.

बाईसाहेबांना हातात धरून चालत धानोरीला गेलो. गेनबा गोठ्यात होता. प्रमाणपत्र दिलं. त्यानं ते धुतलेल्या हातांनी धरलं, वाचायला वेळ लागला. मग म्हटलं, ही सायकल आता तुझी. माझ्या आयुष्यात ह्यापेक्षा मोठं मी कुणाला काही दिलेलं नाही. ललितालाही नाही, हे तिला माहीत आहे.

त्यानं सायकलभोवती एक चक्कर मारली. सीट दाबून बघितली. मागे वाकून बराच वेळ काहीतरी शोधत होता. मग म्हणाला, रंगा, हिला कॅरियर न्हाई रं. कॅन कुठं अडकवू?

मी रुमालानं हँडल पुसलं.

सरुबाई आतून म्हणाली, घ्या ठेवून, त्यांचं मन मोडू नका. तेव्हा त्यानं ती गोठ्यातल्या खुंटीवर टांगली. म्हशींनी एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. पुण्यात तिच्याकडे ह्याहून जास्त कुणी पाहिलं होतं असं नाही.

निघताना म्हणाला, उद्या पहाटं ये की माझ्यासंगं. बारा घरं हायेत, हळूहळू जाऊ. थोरल्याची जुनी सायकल हाय. एक कॅन तू घे.

शब्द दिला. पाचला, आमच्या दारात. तो दूध घालायला येईल, तिथून पुढे मी बरोबर. गजर साडेचारचा लावला. दुसरा गजर नम्रताच्या मोबाइलवर. कपडे खुर्चीवर काढून ठेवले.

ह्या वेळी प्रश्नच नाही.

१५ जानेवारी.

उठलो ७.१०.

दूध ओट्यावर होतं, तापवून झालेलं. नम्रता नव्या टेबलाच्या जागेवर पाटावर बसून चहा पीत होती. म्हणाली, गेनबाकाका दारात दहा मिनिटं थांबले होते. तुम्ही कुठे आहात विचारत होते.

म्हटलं, मग तू काय सांगितलंस?

म्हणाली, सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. बाबा येतायत.